मेबलचा पुढचा पाय

नोव्हेंबर अर्धा उलटला की आमच्या सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या शाळा गप्प होतात आणि इमारतींच्या लिफ्ट बोलायला लागतात. सुट्टी लागलेली पोरं दिवसभर वर-खाली करतात. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ काळंभोर होतं, सांगून ठेवल्यासारखं तासभर बदाबदा ओततं, आणि मग लख्ख ऊन पडतं. ऊन पडलं की समोरच्या इमारतीतल्या बायका बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे परत बाहेर काढतात. आमच्या ईराची सहावीची मोठी परीक्षा यंदा संपली. तिच्या सरावाच्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून मी खाली ठेवून आलो, तेव्हा पाठीतून चमक गेली; इतकं ओझं त्या पोरीने वर्षभर वाहिलं आणि मी फक्त एकदा खाली नेलं, तरी बाम मीच लावून घेतला.

काल ऑफिसातून येताना समुद्राकडच्या मैदानात लॉऱ्या उभ्या दिसल्या. जत्रा लागते आहे. छत्री धरून जरा थांबलो. हवा भरून उभ्या राहणाऱ्या रबरी घसरगुंड्या होत्या, दिवे लुकलुकणारी यंत्रं होती. हवा भरली की हत्ती, हवा काढली की चटईची गुंडाळी. घोडे नव्हते. बरंच झालं, असं वाटलं, आणि लगेच वाटलं की नाही, असायला हवे होते.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच मैदानात, खरा मेरी-गो-राउंड आला होता. शंभराहून जास्त वर्षं जुना. इंग्लंडात घडवलेला, खोक्यांतून सुटा होऊन बोटीने आलेला, आणि सुट्टी संपली की तसाच परत जाणारा. तीन रांगांत लाकडी घोडे, बाहेरच्या रांगेतले मोठे, आतले लहान होत गेलेले. त्यामुळे लांबून बघताना तो आहे त्यापेक्षा खोल वाटे. पितळी दांड्यांना दोरासारखा पीळ. वर आरसे, आरशांच्या चौकटींवर रंगवलेली द्राक्षं. प्रत्येक घोड्याच्या मानेवर रंगवलेल्या रिबिनीत त्याचं नाव. आणि छताखाली, कुणी मान वर करून बघत नाही तिथे, फिरणारे क्रँक. क्रँकला दांडा, दांड्याला घोडा. म्हणजे घोडा पळत नसतो, लटकत असतो, आणि वरचं लोखंड त्याला पळवल्यासारखं करतं. हे मी ईराला समजावून सांगितलं. इंजिनिअरिंगच्या पदवीचा त्यानंतर मला आजतागायत उपयोग झालेला नाही. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मी जे करतो त्याला क्रँक लागत नाही, स्लाइडवरचे रंगीत चौकोन लागतात.

त्या वर्षी अप्पाही आले होते. अप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्यांनी सदतीस वर्षं पॅटर्न बनवले. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात तंतोतंत कोरावा लागतो. तो लाकडी भाग वाळूत दाबून काढला की साचा तयार होतो. लाकडाचं काम करून लोखंड जन्माला घालणारा माणूस. आई गेल्यावरही ते घरी, मागच्या पडवीत, काहीबाही कोरत बसायचे. मग आदल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. उजवा हात गेला, आणि चार महिन्यांत परतही आला. डॉक्टर म्हणाले, ताकद आली आहे, वापरा. अप्पा म्हणाले, बघू.

ते बघणं संपेना. आमच्या घरात ते खिडकीशी बसून चांगी विमानतळावर उतरणारी विमानं मोजायचे. चहा डाव्या हाताने, वर्तमानपत्र डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, कुणी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी ईराला देऊन टाकला. मी एकदा म्हटलं, "अप्पा, निदान सही करून बघा."

"कशावर करू? इस्टेट लिहून देऊ का तुला?"

हसण्यावारी नेलं की विषय संपतो हे मी त्यांच्याकडूनच शिकलोय. त्यामुळे तिथे माझं काही चालेना. त्यांना सिंगापूर दाखवायला आणलंय असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खरं तर आणलं होतं त्या हातासाठी.

एक गोष्ट मात्र मेधाने, माझ्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात शोधली होती. अप्पांची बॅग रिकामी करताना कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्यांखाली तिला कॅनव्हासची एक गुंडाळी लागली. आत पटाश्या, दोन गोल पटाश्या, कानस, धार लावायचा दगड, एक स्टीलची पट्टी. तिने जशीच्या तशी परत ठेवली आणि रात्री मला हळूच सांगितलं, "हात चालत नाही म्हणणारा माणूस एवढ्या लांब पटाश्या कशाला घेऊन येईल रे?"

मेधा पुण्याची आहे. तिचा प्रश्न हा प्रश्न नसतो, निकाल असतो.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. एका शनिवारी आम्ही तिघं जत्रेत गेलो. ईरा बाहेरच्या रांगेतल्या एका घोड्यावर बसली आणि म्हणाली, बाबा, तूही बस. शेजारच्या आतल्या घोड्याच्या मानेवर 'मेबल' लिहिलं होतं. मेधा बाहेर मोबाइल रोखून उभी होती, आणि माझं घोड्यावर चढणं चित्रित होऊन पुण्याच्या सासुरवाडीत पोचावं असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी तिला दिसणार नाही अशा आतल्या बाजूने गेलो. रिकीब होती, ती मला दिसली नाही. दिसला तो मेबलचा उचललेला पुढचा पाय. आता ज्या माणसाने आयुष्याची पंधरा वर्षं स्कूटरवर काढली त्याच्या उजव्या पायाला असं काही पुढे आलेलं दिसलं की काय होतं? मी दोन्ही हातांनी पितळी दांडा धरला आणि किक मारली.

स्कूटर चालू झाली नाही. 'कडाड' झालं. खांद्याखालचा अख्खा पाय फळीवर पडला आणि त्याच्या खुराच्या ठिकऱ्या उडाल्या.

"बाबा! यू ब्रोक द हॉर्स, ला!" ईरा ओरडली. इतकी मोठ्याने की मोबाइलमध्ये चित्र आलं नसलं तरी आवाज स्वच्छ आला.

मेरी-गो-राउंड सांभाळायला एक कोह अंकल म्हणून होते. वय अप्पांएवढंच, अंगात बनियन, खांद्यावर तेलकट फडकं. ते आले, वाकून बघितलं, आणि माझ्याकडे रागाने नाही तर कुतूहलाने पाहत म्हणाले, "अय्यो सर, धिस वन हॉर्स. नॉट मोटरबाइक, ला."

मी माफी मागितली. दुरुस्त करून देतो म्हणालो. कुठून देणार होतो देव जाणे. कोह अंकलनी मेबलवर एक चादर टाकली आणि सांगितलं, डिसेंबरअखेरीला सगळे घोडे तपासून खोक्यांत भरायचे आहेत, तोवर करता आलं तर बघा, नाही तर मी कळवीन तिकडे. एवढंच. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ओरडा खाल्ला की माणूस मोकळा होतो. ही शांतता घेऊन मी घरी आलो.

अप्पांना दुसऱ्या दिवशी ईरा ओढत घेऊन गेली. "आजोबा, कम सी व्हॉट बाबा डिड." अप्पा मेबलभोवती एक फेरी मारून आले. मग तिच्या पोटावर बोटाच्या सांध्याने ठोकलं. पोकळ वाजलं.

"आत खोकं आहे," ते ईराला म्हणाले. "फळ्या सरसानं चिकटवून आधी पेटी केली, मग वरनं घोडा कोरला. म्हणून हलकी. अख्ख्या ओंडक्याची केली असती तर कुणी उचललीच नसती, तिथंच राहिली असती बिचारी."

"इनसाइड गॉट नथिंग?"

"हवा हाय की."

बाहेरच्या बाजूने मेबल नटलेली होती: गुलाब, झालर, काचेचे खडे, आयाळीचा प्रत्येक केस वेगळा. आतल्या बाजूला, जिथून मी गेलो होतो, काहीच नाही. साधा पांढरा घोडा. हे घोडे उजवीकडून, देवळातल्या प्रदक्षिणेसारखे फिरतात, त्यामुळे लोकांना कायम त्यांची डावीच बाजू दिसते. मी म्हटलं, "बघा, दिसते तेवढ्याच बाजूवर मेहनत. आमच्या ऑफिससारखंच."

"नीट बघ," अप्पा म्हणाले. "फुलं नाहीत. पण जोड बघ. इकडचा आणि तिकडचा एकसारखा. फुलं बघणाऱ्यासाठी असतात, मर्दा. जोड बसणाऱ्यासाठी असतो."

तेवढ्यात त्यांनी मोडक्या जोडात बोटं घातली. उजव्या हाताची. त्यांच्या ते लक्षात नव्हतं. मेधाने माझा दंड पकडला. अप्पांनी आतली खुंटी चाचपली, वास घेतला, आणि खदखदून हसले.

"संजू, हा पाय आधीच मोडलेला आहे. ही खुंटी मूळची नाही. सरस पण नवा आहे, म्हणजे तुझ्या जन्माच्या आसपासचा. तू पहिला गाढव नव्हेस."

मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. इंग्लंडात कुठे तरी, कधी तरी, माझ्यासारखाच एक भरदार गृहस्थ बायकोची नजर चुकवून आतल्या बाजूने चढला होता. मी मनातल्या मनात त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

पाय नवाच करायला हवा होता. सुतार शोधतो, असं मी म्हणालो. अप्पा म्हणाले, शोध, मी नुसतं सांगतो काय करायचं ते. दोन दिवसांनी आमच्या इमारतीखाली कुणी तरी टाकून दिलेला पाइनचा पलंग दिसला. "नुसतं लाकूड बघतो," म्हणून त्याचा खूर वर आला. मग, "नुसती धार लावून ठेवतो." दोन दिवस नुसती धार. दगडावर तेल, तेलावर पटाशी, आणि घरभर त्या ओलसर घासण्याचा आवाज. मला मापं आणायला पाठवलं. मी ऑफिसातून येताना उतरलो, कोह अंकलच्या टेपने मेबलच्या शाबूत पायाची मापं घेतली आणि कागदावर लिहून आणली: लांबी बेचाळीस, गुडघ्यापर्यंत वीस, असं सगळं.

लाकडावर खुणा झाल्यावर करवत माझ्या हातात आली. मी कापायला लागलो. पाच मिनिटं अप्पांनी सोसलं.

"अरे सोड, सोड! लाकूड हाय ते, कलिंगड नव्हं!"

आणि करवत त्यांनी ओढून घेतली. फिजिओथेरपीला इतक्या महिन्यांत जमलं नाही ते माझ्या अकलेने पाच मिनिटांत केलं. मुलगा नालायक असण्याचे काही फायदे वडिलांना होतात, ते असे.

पुढचे बारा दिवस आमच्या स्वयंपाकघरामागच्या, कपडे धुण्याच्या चिंचोळ्या जागेत कारखाना चालला. ठोकाठोकीने शेजारी वैतागतील, म्हणून अप्पांनी वेळ ठरवली. तीन वाजता आभाळ फुटलं की पाटावर हातोडा पडायचा. पाऊस थांबला की हातोडा थांबायचा आणि कानस सुरू व्हायची. पावसाच्या आडून काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ढग उशिरा आले तर ते अस्वस्थ व्हायचे. खिडकीशी बसायचे, पण आता विमानं कोण मोजतंय, नजर ढगांवर. मी घरी यायचो तेव्हा पाइनचा तो गोडसर, डिंकासारखा वास लिफ्टपाशीच भेटायचा. डाळीत भुसा यायचा. मेधा काही बोलायची नाही. पुणेकराने भुशाबद्दल मौन पाळणं म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको. हात मधूनच थरथरायचा. मग अप्पा पटाशी खाली ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे, दंगा करणाऱ्या पोराकडे मास्तर बघतात तसे, आणि तो थांबला की परत उचलायचे.

पाय झाला. गुडघ्याची वाटी, नडगीची धार, खुराची कड. पॉलिश पेपर मारून मारून लोण्यासारखा.

जत्रा उघडायच्या आधी, सकाळी, आम्ही सगळे मैदानावर गेलो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. अप्पांनी पाय लावला. बसेना. खुंटी भोकात गेली, पण खूर शेजारच्या पायाच्या खाली आला आणि गुडघाही शेजारच्या गुडघ्याशी जुळेना. काढला, फिरवून बघितला, परत लावला. तेच.

अप्पा मागच्या खोक्यावर बसले. "हात गेला, संजू," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "डोळ्याला बरोबर दिसत होतं. हातानं फसवलं." आणि उजवा हात परत मांडीवर, पहिल्यासारखा, ठेवून दिला.

मी तोंड उघडलं. काही तरी चांगलं बोलायचं होतं. 'होतं असं', एवढंच निघालं. मेधा समुद्राकडे बघत होती. मला त्या क्षणी मेबलच्या पायाचं काही वाटत नव्हतं. सगळे घोडे मोडले असते तरी चाललं असतं. तो हात मांडीवरून उठायला हवा होता, आणि तो उठवायची युक्ती माझ्याकडे उरली नव्हती.

कोह अंकलनी सगळ्यांसाठी कॉफी आणली. मग खिशातून टेप काढून नवा पाय मापला, माझा कागद मागितला. "पेपर से फॉर्टी-टू. यू मेक फॉर्टी-टू पॉइंट फोर."

अप्पा उखडले. "नो! फॉर्टी-टू! आय मेजर! थ्री टाइम!" डाव्या हाताने त्यांनी गुंडाळीतली आपली पट्टी काढली आणि पायावर ठेवली. बरोबर बेचाळीस. केसाचा फरक नाही.

कोह अंकल पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली टेप त्या पट्टीला चिकटवून धरली. शून्याशी दोन्ही रेघा एक. दहापाशी किंचित सुटलेल्या. विसाला दोन मिलिमीटर. चाळिसाला चार.

दोन म्हातारे त्या दोन पट्ट्यांवर डोकी लावून वाकले होते. आधी अप्पांच्या तोंडून "आयला" निघालं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. उजवा.

"अरे मर्दा, ही फाउंड्रीची पट्टी!"

गोष्ट अशी होती. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न त्या आकसण्याएवढा मोठा करावा लागतो, आणि म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात जराशी लांब असते. तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्यापेक्षा अंमळ मोठा. सदतीस वर्षं अप्पांनी दुसरी पट्टी हातात धरली नव्हती. मी जगाच्या टेपने मापं आणली आणि त्यांनी फाउंड्रीच्या पट्टीने पाय केला.

"मेबल लोखंडाची ओतायची असती ना," अप्पा म्हणाले, "तर थंड झाल्यावर पाय असा बसला असता, असा!" आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. कोह अंकलना किती कळलं कोण जाणे. मी इंग्रजीत सांगायला लागलो तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं. "आय नो, आय नो. आयर्न श्रिंक." ते तरुणपणी गोदीत कामाला होते.

मला मात्र घरी गेल्यावर उमगलं ते असं: थरथरणारा हात कुठेही चुकतो, कसाही. हा चुकला होता तो शिस्तीत. गुडघ्यापाशी दोन, खुरापाशी चार. म्हणजे पट्टीने जे सांगितलं ते हाताने इमानाने केलं होतं, पहिल्या सेंटिमीटरपासून शेवटच्यापर्यंत. त्याहून मोठं सर्टिफिकेट कुठल्या हॉस्पिटलने दिलं असतं?

"आता काय करायचं?" मैदानात मी एवढंच विचारलं.

"करायचं काय? जास्त झालंय ना, मग रडतोस कशाला? कमी झालं असतं तर रडायचं."

अर्ध्या तासात त्यांनी पाय तासला. पटाशीखालून पाइनच्या पातळ सालींचे वेटोळे पडत होते आणि ईरा ते कानाला लावून झुमके करत होती. मग पाय लावून लाकडी हातोड्याने हलकेच ठोकत गेले. टक्, टक्, टक्, आणि मग एक ठोका वेगळा वाजला, भरीव. अप्पा थांबले. "बसला," म्हणाले. पुढे सरस वाळला, कोह अंकलनी रंग दिला, आणि डिसेंबर संपायच्या आठ दिवस आधी मेबलवरची चादर निघाली. अप्पा घोड्यावर बसले नाहीत. आत, मधल्या खांबापाशी उभे राहिले, जिथून फक्त साधी बाजू दिसते, आणि मेबल वर-खाली होत समोरून गेली की दर वेळी मान डोलवायचे.

त्या संध्याकाळी भात कालवताना ते म्हणाले, "संजू, माझं तिकीट अलीकडे येतंय का बघ."

"का? इथे काय कमी पडलं?"

"काही नाही. घरी काम पडलंय."

"कसलं काम?"

"आता मिळंल कसलंतरी."

मेधा माझ्याकडे बघून गालात हसली. मला वाईटही वाटलं, पण खोटं कशाला बोलू, ते वाईट वाटणं सुटकेच्या निःश्वासाखाली कुठे तरी दबून गेलं. जायला निघालेला माणूस आणि न्यायला लागणारा माणूस यांत केवढा फरक असतो.

चांगीला काचेच्या अलीकडे आम्ही तिघं उभे होतो. पलीकडे अप्पा पासपोर्टच्या रांगेत. त्यांची पाळी आली. त्यांनी अंगठे यंत्रावर ठेवले. डाव्याला हिरवा दिवा लागला, उजव्याला लाल. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी पुसायची खूण केली. अप्पांनी उजवा अंगठा पँटला पुसला, परत ठेवला. लाल. फुंकर मारली, ठेवला. लाल.

"काय झालं रे? अडवलं का त्यांना?" मेधाने घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अंगठा उठत नाहीये. पॉलिश पेपरने झिजलाय."

तिकडे अप्पांनी अंगठा डोळ्यांजवळ नेला, उजेडात तिरका करून बघितला. रेषाच उरल्या नव्हत्या. बाई काही तरी विचारत होत्या, मागची रांग चुळबुळत होती, आणि आमचे अप्पा तो गुळगुळीत अंगठा काचेतून आम्हाला उंच धरून दाखवत होते, तोंडभर हसत, बराच वेळ.